पंगत बसेल असं घर

भिलाईत माणूस रिटायर व्हायला आला की त्याला दोन आजार धरतात, एक गुडघ्यांचा आणि दुसरा घरं बघण्याचा. गुडघ्यांसाठी स्टील प्लांटच्या दवाखान्यात गोळ्या मिळतात, दुसऱ्यावर औषध नाही. क्वार्टर एक दिवस सोडावं लागणार, हे नोकरीला लागल्या दिवसापासून प्रत्येकाला ठाऊक असतं, पण ते खरं वाटायला शेवटचं वर्ष उजाडावं लागतं. बाबांना ते खरं वाटलं आणि आमचे रविवार नासले. मी तेव्हा कॉलेजात होते आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींचा मला तिटकारा होता, त्यात विकाऊ घरांची भर पडली. आज केस पिकले, तिटकारा मात्र ताजा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं माझं मन पालटेल म्हणून कोणी वाट बघत बसायला नको.

आमच्या क्वार्टरमध्ये बघण्यासारखं काहीही नव्हतं आणि तेच त्याचं मोठेपण होतं. आमची भिंत जशी पिवळी तशी सगळ्या लाइनीची पिवळी, आमचा दरवाजा जसा हिरवा तसा सगळ्यांचा हिरवा. मागच्या अंगणात शेवगा, पपई, कढीपत्ता, आणि तारेवर वाळत घातलेले कपडे. ते घडी करण्याआधी आई दोन्ही हातांनी फटकारायची, कारण प्लांटची काळी भुकटी त्यावर बसलेली असायची. तो फट् फट् आवाज आणि शिफ्टचा भोंगा हे आमच्या घराचे आवाज. नळ गळला तर बाबा मेंटेनन्स ऑफिसात कंप्लेंट लिहून येत. मग एक माणूस येऊन नळ बघून जाई. काही दिवसांनी दुसरा येऊन तोच नळ बघून जाई, आणि तोवर नळ बहुधा आपला आपणच थांबलेला असे. घराविषयीचं आमचं एकंदर ज्ञान एवढंच. असल्या माणसांनी घर विकत घ्यायला निघणं म्हणजे पोहता न येणाऱ्यानं शिवनाथ नदीच्या डोहाची खोली सांगण्यासारखं होतं.

रविवारी सकाळी आई चीला करायची. तांदळाच्या पिठाचा तो पातळ चीला ती शेजारच्या छत्तीसगढी काकूंकडून शिकली होती, आणि त्यासोबत भाजलेल्या टमाटरची लसूण घालून वाटलेली चटणी. तो खाऊन आम्ही मारुतीत बसायचो. बाबा ड्युटीचे बूट पॉलिश करून घालत. मागच्या सीटवर माझ्या मांडीत चहाचा थर्मास, कारण बिल्डरच्या ऑफिसातला चहा घ्यायचा नाही असा बाबांचा दंडक होता. ‘त्यांचा चहा पिला का माणूस मिंधा होते,’ ते म्हणायचे. चहाला एवढे सावध असलेले बाबा बाकी सगळ्याला भुलायचे.

पहिल्याच महिन्यात ते ‘एलिव्हेशन’ हा शब्द शिकले. त्याआधी घराला पुढची बाजू असायची. आता रस्त्यातून जाताना ते गाडी हळू करून म्हणत, ‘एलिव्हेशन पाहा.’ आम्ही बघायचो. एका खोक्यावर दुसरं खोकं ठेवलेलं, आणि वरचं पुढं सरकलेलं. त्यावर उभ्या लाकडी पट्ट्या, ज्या लाकडाच्या नसून रंगवलेल्या पत्र्याच्या असत. त्यामागं जमिनीपासून छपरापर्यंत काच, आणि ती नेमकी पश्चिमेला. भिलाईचा मे महिना ज्यानं काढला आहे त्यानं पश्चिमेला काच लावावी, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली असेल त्याला मी मनातल्या मनात रोज नवी शिक्षा द्यायची. आधी काच लावायची, मग काचेला जाड पडदा, मग पडद्याआड एसी. एवढ्यापेक्षा भिंत काय वाईट होती, असं मी एकदा विचारलं. बाबा म्हणाले, ‘तुले त्यातलं समजत नाही.’ ते खरंच होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग ‘डबल हाइट’ आली. डबल हाइट म्हणजे वरची खोली काढून टाकायची आणि तिच्या जागी उरलेली हवा गिऱ्हाइकाला विकायची. त्या हवेतून एक झुंबर लोंबत असे. आई मान वर करून बघायची आणि म्हणायची, ‘जाळे कसे काढाचे बाप्पा इथचे?’ विकणाऱ्या पोरांना या प्रश्नाचं उत्तर कधीच आलं नाही. एका ठिकाणी बेडरूम आणि बाथरूम यांच्यामध्ये काचेची भिंत होती. आईनं ती बघितली आणि पुढचा सगळा वेळ छताकडे बघत राहिली. बाबांनी मात्र त्या काचेवर टिचकी मारली, जाडी विचारली, आणि फुटली तर कंप्लेंट कुठं द्यायची तेही विचारलं. सॅम्पल घरांमधल्या खोल्यांना दारं नसत, हेही माझ्या लक्षात आलं. दारं लावली की खोली केवढी आहे ते कळतं. पलंगही आखूड करून घेतलेले असत. बाबा एकावर आडवे झाले तेव्हा त्यांचे मोजे पार बाहेर आले. तरी ते उठून म्हणाले, ‘रूम मोठी आहे.’

सगळ्यावर ताण केली ती ‘इंडस्ट्रियल लूक’वाल्या घरानं. तिथं भिंतींना गिलावा नव्हता, छताखालून पाइप जात होते, आणि हॉलच्या मधोमध एक काळा गर्डर आडवा टाकला होता. ज्या माणसानं सबंध आयुष्य गर्डरांखाली काढलं, घरी आल्यावर ज्याला आंघोळीशिवाय कोणी चहा देत नसे, तो माणूस तिथं मान वर करून उभा राहिला. ‘बढिया सेक्शन आहे,’ ते म्हणाले, आणि स्टुलावर चढून त्यांनी तो ठोकला. ठोकल्यावर आवाज आला खोक्याचा. तो प्लायवूडचा होता, वरून रंग दिलेला. बडा घर, पोकळ वासा ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, ती इतक्या शब्दशः ठोकून बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. लोखंडाच्या गावात लाकडाचं लोखंड विकायला ठेवलं होतं. मला वाटलं, आता तरी बाबा संतापतील. ते खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, ‘पण हुबेहूब केलं आहे, नाही का?’

असे रविवार जात राहिले आणि मग ते घर आलं. पद्मनाभपुरच्या पुढं, जिथं आधी शेतं होती, तिथल्या एका नव्या कॉलनीत. कॉलनीचं नाव लिहीत नाही, मला ते अजूनही धड उच्चारता येत नाही, आणि ठेवणाऱ्यालाही येत नसावं. दाखवणाऱ्या मुलीचं नाव स्वीटी होतं. दारात शिरण्याआधी काळ्या दगडात पाण्याचा उथळ चौकोन होता. त्याला ती ‘वॉटर बॉडी’ म्हणत होती. आत एक चौक, पांढऱ्या गोट्यांनी भरलेला, मधोमध एकटा चाफा. चौकाला वरून काच, म्हणजे ऊन येईल आणि वारा येणार नाही याची चोख व्यवस्था. जिना काचेच्या कठड्याचा आणि फळ्याफळ्यांचा, मधून आरपार दिसणारा. हॉल अर्धा हवेचा. आणि स्वयंपाकघराला भिंतच नाही. पांढरंशुभ्र, लांबच लांब, दिवाणखान्याच्या कुशीत उघडं. ‘मैम, सॉफ्ट क्लोज है,’ असं म्हणत स्वीटीनं एक खण ढकलला. तो अर्ध्या वाटेत थबकला आणि आपणहून अलगद आत गेला. आईनं तो पुन्हा उघडला आणि सोडला. पुन्हा उघडला. फोडणी इथं दिली की खकाणा थेट सोफ्यावर जाईल, असं मी तिच्या कानात म्हटलं. तिनं न ऐकल्यासारखं केलं. तिनं स्वीटीला एकच विचारलं, ‘यहाँ कितने लोग जेवण करेंगे?’ आईचं हिंदी असंच होतं.

‘सिक्स सीटर है मैम.’

‘सहाच?’ आई मराठीत म्हणाली, आणि टेबलाच्या कडेवरून हात फिरवत फिरवत पलीकडे गेली.

बाबा जिन्याच्या खालच्या फळीवर उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. परतताना त्यांनी गाडी गेटाबाहेर थांबवली आणि मागं वळून त्या घराकडे बघत राहिले. ‘जिंदगीभर नंबरच्या घरात राहिलो,’ ते म्हणाले. ‘कोणाले पत्ता सांगाचा तर नंबर सांगाचा. एकदा तरी अशा घरात राहावं का रस्त्यानं जाणाऱ्यानं गाडी थांबवून पाहावं.’ त्या रात्रीपासून त्या घराचं ब्रोशर त्यांच्या उशाशी आलं. घर कोणतं घ्यायचं हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला होता. आता फक्त आत्यानं हो म्हणायचं होतं.

राजनांदगावची उषाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण आणि आमच्या महालक्ष्म्यांची मालकीण. आमच्याकडच्या या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उभ्या असतात. भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा येतात, तीन दिवस राहतात, आणि मधल्या दिवशी त्यांचं जेवण असतं. हा कुळाचार मुळात नागपूरला मोठ्या काकांकडे होता. काकू वारल्या आणि तो आमच्याकडे आला, म्हणजे आत्यानं मुखवट्यांची पेटी आणून आईपुढं ठेवली. खुर्सीपारच्या एका ओळखीच्या वेल्डरनं बाबांना लोखंडी स्टँड करून दिले, असले भक्कम की ते हलवायला दोन माणसं लागत. त्यांना साड्या नेसवून, मुखवटे चढवून, वर फुलोरा बांधून देवी उभी राहिली की नागपूर, अमरावती, राजनांदगावपासून सगळं गोत्र आमच्या दोन खोल्यांत लोटे. शिवाय लाइनीतली क्वार्टरं. पंगत बाहेर गल्लीत शामियान्याखाली बसे, आणि भाद्रपदाचा पाऊस शामियान्याला जुमानत नसे. जेवणाऱ्याच्या कढीत वरून पाणी पडे आणि बाबा छत्री धरून वाढत फिरत.

स्वयंपाक सोवळ्याचा. तो आई करायची. सोळा भाज्यांची भाजी, कढी, ज्वारीची आंबील, वडे, भजी, चटण्या, कोशिंबिरी, आणि पुरण. ते पुरण पाट्यावर वाटलेलंच लागे, देवीला मिक्सर चालत नाही असं आत्यानं ठरवलं होतं. आत्याचे गुडघे दुखत, म्हणून ती ओसरीत खुर्ची टाकून काय चुकलं ते सांगायची. बाकी बायका सोवळ्याबाहेर असत किंवा साड्या बदलत असत. ‘वहिनीच्या हातच्या पुरणाची सर कोणाले नाही,’ असं सगळे म्हणत आणि पाट्यापाशी कोणी जात नसे. देवी उठली की आई दोन दिवस कोणाशी बोलायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. आत्या म्हणायची, देवीचं तेज अंगातून उतराले वेळ लागते. आम्हालाही ते पटलेलं होतं.

तर आत्याला घर दाखवायला नेलं. आई, बाबा, मी आणि काठी घेतलेली आत्या. पहिलाच पाय तिनं वॉटर बॉडीत घातला. काळ्या दगडावरचं ते बोटभर पाणी तिला चकचकीत फरशी वाटलं. चप्पल भिजली, काठी घसरली, बाबांनी सावरलं. ‘दारात पाणी कावून साचू दिलं?’ तिनं स्वीटीला विचारलं. ‘नाली तुंबली का?’ स्वीटीनं हा फेंगशुईचा भाग असल्याचं सांगितलं. आत्यानं ओली चप्पल आत नेऊन चौकातल्या पांढऱ्या गोट्यांवर वाळत ठेवली आणि अनवाणी निघाली. माझ्या आनंदाला पारावार नव्हता.

‘देवघर कुठं आहे?’

स्वीटीनं जिन्याखालचा एक कोनाडा दाखवला. मागं दगडाचा पातळ पापुद्रा आणि त्यामागं दिवा, म्हणजे सगळा कोनाडा मधासारखा पिवळा उजळायचा. ‘मंदिर यूनिट है मैम. बैकलिट ऑनिक्स.’ त्यात एखादा मिक्सर जेमतेम मावला असता. आत्यानं त्यात डोकं घालून बघितलं.

‘आमच्या लक्ष्म्या उभ्या राहतात,’ ती म्हणाली. ‘इथं का त्यांले वाकवून ठेवू?’

‘मैम, आजकल सब लोग छोटी मूर्ति रखते हैं,’ स्वीटी म्हणाली. ती बिचारी चांगली मुलगी होती, पण कोणाशी बोलत होती ते तिला कळलं नव्हतं.

आत्यानं पदर खोचला आणि हॉलच्या फरशीवर बसकण मारली. ‘बसा,’ ती आम्हाला म्हणाली. बाबा म्हणाले, ‘ताई, लोक पाहून राहिले.’ खरंच बघत होते. घर बघायला आलेलं एक तरुण जोडपं जिन्यावर थबकलं होतं. पण आत्या बस म्हणाल्यावर बाबा कधी उभे राहिले नाहीत. ते बसले, मी बसले, आई बसली. त्यांच्या इटालियन मार्बलवर आमची ओळ लागली. मग आत्यानं स्वीटीला हात धरून खाली बसवलं, वॉचमनला बोलावून समोरच्या ओळीत बसवलं, आणि जिन्यावरच्या जोडप्यालाही हाक मारली. ते पळाले. मग आत्या उठली आणि हातात वरणाचं भगोणं असल्यासारखी दोन ओळींमधून वाढत निघाली. सोफा आडवा आला. सोफ्याला वळसा घातला तर चौकाच्या काचेवर आपटली. ती पाठ फिरवून वळायला गेली तर जिन्याची फळी कपाळाला लागली. ‘एवढ्या पैशात,’ ती कपाळ चोळत म्हणाली, ‘वाढणाऱ्याले वळाले जागा नाही.’ वॉचमन खाली मान घालून हसत होता. बाबा मांडी घालून, समोर पान असल्यासारखे फरशीकडे बघत बसले होते.

घर बघायची ही पद्धत हास्यास्पद होती हे मला तेव्हाही कळत होतं. वर्षातून एका जेवणासाठी कोणी घर मापत नाही. पण त्या काचेच्या खोक्याचा माज उतरवायला मला काहीही चाललं असतं, आणि आत्यानं तो दोन फेऱ्यांत उतरवला होता.

परतताना गाडीत आत्या पुढं बसली. ‘घर नाही थे, शोरूम आहे,’ ती म्हणाली. ‘लक्ष्म्यांले उभं राहाले जागा नाही, माणसाले बसाले नाही.’

‘डायनिंग टेबल आहे ना ताई,’ बाबा म्हणाले.

‘टेबलावर पंगत बसवशीन?’

मग मी तोंड उघडलं. गप्प बसणं मला कधी जमलंच नाही. ‘बाबा, आईनं इतकी वर्षं एवढं केलं, अन् तुमच्या काचेपायी तिच्या लक्ष्म्या बंद कराच्या का?’ मी म्हटलं. बाबांनी आरशातून मागं आईकडे बघितलं.

‘तुले काय वाटते?’ त्यांनी विचारलं.

‘तिले काय विचारतो?’ आत्या म्हणाली. ‘तिचा जीव आहे लक्ष्म्यांमधी.’

आईनं खिडकीची काच खाली केली. बाहेरून गरम वारा आला आणि तिनं पदर डोक्यावरून घेतला. पुढच्या रविवारी आम्ही कुठंच गेलो नाही. ब्रोशर उशापासून उठून रद्दीत गेलं. बाबा अंगणात शेवग्याखाली बसले होते. आईनं चहा नेऊन दिला तेव्हा ते म्हणाले, ‘राहू दे ते घर. तुह्यासाठी सोडलं.’ आई रिकामी कपबशी घेऊन आत आली आणि खूप वेळ ती धूत राहिली. तिला भरून आलं असं मला वाटलं.

ते घर दुसऱ्या कोणी घेतलं. मध्ये एकदा त्या बाजूला गेले होते, तेव्हा मुद्दाम रिक्षा वळवून बघितलं. वॉटर बॉडीत माती भरून तुळशीच्या कुंड्या ठेवल्या आहेत. काचेला आतून जुनी चादर लावली आहे. पट्ट्यांचा रंग जाऊन खालचा पत्रा दिसतो. चौकाच्या छतावर ताडपत्री आहे. मी रिक्षातून उतरून, गाडी थांबवून बघावं असं बाबांना वाटलेलं ते घर, चांगलं पोटभर बघून घेतलं. गाडी थांबवून बघणारी मी एकटीच होते.

आम्ही हुडको कॉलनीत एक जुनं घर घेतलं. त्याला एलिव्हेशन नव्हतं, पुढची बाजू होती. ग्रिल, मोझेक, टाकीतून ओघळलेलं पाणी भिंतीवर. आधीचा मालक ट्यूशन घ्यायचा, त्यानं मधल्या भिंती पाडून बँकेसारखा हॉल करून घेतला होता. आत्यानं तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितला आणि मधोमध उभी राहून म्हणाली, ‘आता बोल.’ स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं, अंधारं, एक खिडकी आणि तीही शेजारच्या भिंतीकडे. खण ओढला की हातात येई. बाबांनी सगळ्या कागदांवर सह्या केल्या आणि त्यानंतर घरांबद्दल एक शब्द काढला नाही. मी मात्र खुशीत होते. माझ्या मते आमच्या घरातली अक्कल जिंकली होती.

पहिल्या भाद्रपदात त्या घरात महालक्ष्म्या आल्या. कुंकवाची पावलं दारापासून हॉलच्या टोकापर्यंत, थाळी-चमच्याचा गजर, ‘कोणत्या पावलानं आली? सोन्याच्या पावलानं आली,’ असा पुकारा. लोखंडी स्टँड भिंतीला टेकून ऐसपैस उभे राहिले. वरून फुलोरा. शामियाना नाही, छत्री नाही, बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि आत सगळं गोत्र एकाच वेळी पानावर. जागा झाल्यामुळे या वर्षी आत्यानं आणखीही बोलावणी केली होती, दुर्गचे लोक, तिच्या सासरचे लोक, आणि ज्यांचं आमचं नातं मला आजही सांगता येणार नाही असे पुष्कळ. बाबा नवं धोतर नेसून वरणाचं भगोणं घेऊन ओळींमधून झोकात वळत होते. पाहुणे म्हणत होते, घर असावं तर असं. ते ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी रंग आला.

मी पापड घ्यायला आत गेले. आई चुलीजवळच्या फरशीवर बसली होती, पाठ भिंतीला, पाय पसरलेले. सोवळ्याची साडी घामानं अंगाला चिकटली होती. पाट्यावर पुरणाचा शेवटचा गोळा तसाच होता आणि तिचे दोन्ही हात मांडीवर उलटे पडले होते, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. मागोमाग बाबा भगोणं भरायला आले. ते फुलून आले होते.

‘पाहिलं का?’ ते म्हणाले. ‘किती लोक बसले एका पंगतीत! ते घर तुह्यासाठी सोडलं मी, पण चांगलं केलं. मले आता काही वाटत नाही.’

‘मले वाटते,’ आई म्हणाली.

बाबांना कळलं नाही. मलाही नाही.

‘मले ते घर आवडलं होतं. तुमच्यापेक्षा जास्त आवडलं होतं,’ ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसा होता. ‘तिथं पंगत बसत नव्हती ना, म्हणून.’

हॉलमध्ये कोणीतरी श्लोक म्हणत होतं. बाबा हातातल्या भगोण्याकडे बघत होते. ‘मग तेव्हा बोलली कावून नाही?’ त्यांनी विचारलं.

‘काय बोलू? लक्ष्म्या नको म्हणणारी बाई पाहिली का तुम्ही कुठं?’

इतक्या घरांबद्दल इतकं बोललेली मी पापडांचा डबा धरून उभी होते. बाहेरून आत्याची हाक आली, पुरण आण वो वहिनी, पानं थांबली आहेत. आई एका हातानं भिंत धरून उठली. उरलेला गोळा तिनं पाट्यावरून पातेल्यात काढला, वर तुपाची वाटी ठेवली, आणि निघाली. बाबा आणि मी दारात तसेच उभे होतो.

‘सरका जरा,’ ती म्हणाली. ‘मधात उभे आहा तुम्ही.’